निवृत्ती: मैदानावरची आणि शास्त्रातली

मराठीत ‘निवृत्ती’ हा एकच शब्द दोन भिन्न प्रसंगी वापरला जातो. कचेरीतील लिपिक नोकरीची वयोमर्यादा पूर्ण करून घरी जातो तेव्हा तो निवृत्त झाला असे म्हणतात, आणि ज्याच्या मनातून विषयांची ओढ, फळाची अपेक्षा व ‘मी करतो’ हा भाव गळून पडला त्या साधकाच्या अवस्थेलाही शास्त्रग्रंथांनी निवृत्ती हेच नाव दिले आहे. संस्कृतातील ‘वृत्’ या धातूचा अर्थ वळणे, फिरणे, वर्तणे असा असून, त्याला ‘प्र’ हा उपसर्ग लागला म्हणजे बाहेर, पुढे, कर्माकडे वळणे असा अर्थ होतो आणि ‘नि’ लागला म्हणजे तेथून मागे वळणे असा. मराठी भाषेतील पहिली थोर गीताटीका ज्या गुरूच्या आज्ञेने लिहिली गेली त्याचे नावच निवृत्तिनाथ होते, हे ध्यानात घेतले तर या शब्दाने किती उंचावरून प्रवास करून निवृत्तिवेतनाच्या कागदापर्यंत मजल मारली आहे ते कळते. या दोन अर्थांमध्ये काही आंतरिक नाते आहे, की केवळ शब्दसाम्य आहे, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे.

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो खेळाडूच्या बाबतीत. लिपिकाची, शिक्षकाची किंवा न्यायाधीशाची निवृत्ती साधारणपणे साठीच्या आसपास येते, म्हणजे वानप्रस्थाची जी वेळ परंपरेने मानली तिच्या जवळपासच येते; खेळाडूची निवृत्ती मात्र तिशी-पस्तिशीत, ऐन गृहस्थाश्रमात येते. शिवाय शिक्षकाची विद्या निवृत्तीनंतरही त्याच्या बुद्धीत पूर्वीसारखीच राहते, तर खेळाडूची विद्या स्नायूंत, सांध्यांत, श्वासात आणि नजरेत साठवलेली असल्यामुळे, शरीर थकले म्हणजे ती विद्याच आपल्या धन्याला सोडून चालली असे वाटू लागते. अशा माणसाच्या बाबतीत ‘निवृत्ती’ हा शब्द कोणत्या अर्थाने खरा ठरतो, याचा शोध कुडाळ तालुक्याच्या भूमीवरून घेणे उचित आहे. कारण वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी यांचे जन्मस्थान माणगाव याच तालुक्यात आहे, आणि अंगावर चढवलेला वेष पहाटे उतरवून ठेवण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपणारी दशावतार या लोकनाट्याची परंपराही याच परिसरात आजही जिवंत आहे.

दोन धर्म आणि चार आश्रम

श्रीशंकराचार्यांनी गीताभाष्याच्या प्रारंभी वेदोक्त धर्माचे दोन प्रकार सांगितले आहेत. कर्म करून जगाची घडी नीट राखणारा तो प्रवृत्तिधर्म, आणि ज्ञान व वैराग्य यांच्या आधारे मोक्षाकडे नेणारा तो निवृत्तिधर्म. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी स्मृतिकारांनी ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास असे चार आश्रम, म्हणजे आयुष्याचे चार टप्पे, क्रमाने मांडले. कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले आणि मुलाचे मूल पाहिले, म्हणजे गृहस्थाने वनाची वाट धरावी, अशी खूण मनुस्मृतीने सांगितली आहे. जाबालोपनिषदाने मात्र या क्रमाला एक मोठा अपवाद ठेवला असून, ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी माणसाने घर सोडावे, मग तो कोणत्याही आश्रमात असो, अशी मोकळीक दिली आहे. म्हणजे निवृत्तीच्या दोन कसोट्या परंपरेने दिल्या: एक शरीराची, जी वयावर अवलंबून आहे, आणि दुसरी मनाची, जी वैराग्यावर अवलंबून आहे.

मैदान सोडावे लागलेला खेळाडू या दोन्ही कसोट्यांच्या बाहेर पडतो. त्याचे केस काळेच असतात, मुले लहान असतात, संसाराचा भार खांद्यावर नुकताच चढू लागलेला असतो; आणि वैराग्य म्हणावे तर मन अजून मैदानातच घुटमळत असते. गुडघा, खांदा किंवा दम यांपैकी एकाने असहकार पुकारला एवढेच त्याच्या निवृत्तीचे कारण असते. शरीराने थांबलेला आणि मनाने धावत असलेला असा हा माणूस कर्मेंद्रिये आवरून मनात विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्या त्या मिथ्याचारी पुरुषासारखा आहे काय, ज्याचा गीतेच्या तिसऱ्या अध्यायात निषेध केला आहे? तसे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण गीतेचा तो निषेध संयमाचे सोंग घेणाऱ्याला उद्देशून आहे, आणि खेळाडूने तर थांबण्याचे सोंग घेतलेले नसते, त्याला थांबवले गेलेले असते.

त्याच्या अवस्थेचे अधिक नेमके वर्णन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या प्रकरणात सापडते. जो इंद्रियांना आहार देत नाही त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांच्याविषयीची गोडी, म्हणजे ‘रस’, मागे उरतो, आणि तो रस परमतत्त्वाच्या दर्शनानेच मावळतो, असा तेथील विचार आहे. विषय दूर होणे आणि रस मावळणे या दोन्ही क्रियांसाठी गीताकारांनी ‘नि’ या उपसर्गासह ‘वृत्’ हाच धातू वापरला आहे, हे येथे फार महत्त्वाचे आहे. निवृत्ती दोन थरांची असते हे त्यातून स्पष्ट होते: विषयाची निवृत्ती आणि रसाची निवृत्ती. सेवानिवृत्ती, खेळातली निवृत्ती, आजारपणाने लादलेली निवृत्ती या सर्व पहिल्या थरावरच्या आहेत. शास्त्राला अभिप्रेत असलेली निवृत्ती दुसऱ्या थरावरची आहे. पहिलीचा दुसरीशी कोणता संबंध जोडता येतो, हे प्रत्यक्ष आयुष्यांच्या आधारे पाहिले पाहिजे.

बाल्टिक समुद्राचे दोन काठ

१९५२ साली फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. समुद्राच्या चिंचोळ्या आखाताच्या पलीकडे, सुमारे ८० किलोमीटरवर एस्टोनियाचे टॅलिन शहर आहे; पण तो देश त्या वेळी नकाशावर स्वतंत्र नव्हता. १९४० साली सोव्हिएत संघाने तो आपल्यात सामावून घेतला होता. सोव्हिएत संघ त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला आणि त्याच्या बास्केटबॉल संघाने रौप्यपदक मिळवले, त्या संघात इल्मार कुल्लाम, योआन लेसोव आणि हेइनो क्रूस हे तीन एस्टोनियन खेळाडू होते. अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ३६-२५ असा पराभव झाला तो त्यांच्या मातृभूमीच्या नव्हे, तर तिला गिळणाऱ्या सत्तेच्या नावावर नोंदला गेला, आणि पदकही त्याच नावावर.

त्याच हेलसिंकीत सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातल्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी बँटमवेट गटातील मुक्त शैलीच्या कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते, आणि त्यानंतरचे दुसरे मिळण्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या खाशाबांना कुस्तीचे बाळकडू मल्ल वडिलांकडून मिळाले होते. तालमीत, म्हणजे कुस्तीच्या शाळेत, हौद्यातील तांबड्या मातीवर त्यांचे अंग घडले. प्रतिस्पर्ध्याला आपल्या अंगावरून फेकून देण्याचा ‘ढाक’ हा डाव त्यांच्या हातचा म्हणून ओळखला जाई. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीवरून गादीवर आलेल्या या मल्लाने सहावे स्थान मिळवले. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा करताना गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, १९८३ साली साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, निधनानंतर सुमारे दीड दशकाने. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

खाशाबांच्या आयुष्यात अशा रीतीने दोन निवृत्त्या घडल्या. मैदानाची निवृत्ती तिशीच्या सुमारास आली, नोकरीची १९८३ साली. पहिलीला कोणताही आदेश, निरोप समारंभ किंवा वेतन नव्हते, दुसरी मात्र नोकरीच्या नियमांनुसार आली. या दोन प्रसंगांतील अंतर सुमारे तीन दशकांचे आहे, आणि खेळाडूच्या जीवनाविषयीचा तत्त्वज्ञानाचा प्रश्न याच तीन दशकांत राहतो: जो जगातील तिसरा मल्ल होता तो आता कोण आहे?

हा प्रश्न एस्टोनियाच्या पुढच्या पिढीपुढे आणखी विचित्र रूपात आला. टार्टू येथे १९६४ साली जन्मलेले टिट सोक हे ‘गार्ड’ या जागेवर, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा डाव रचून देणाऱ्याच्या जागेवर, खेळत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने उपांत्य सामन्यात अमेरिकेला ८२-७६ आणि अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला ७६-६३ असे हरवून सुवर्णपदक जिंकले, त्या संघात ते होते. १९९१ साली टॅलिनच्या ‘कालेव’ संघाने सोव्हिएत साखळी स्पर्धेचे अखेरचे विजेतेपद मिळवले, त्याच वर्षी २० ऑगस्टला एस्टोनियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले, आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत संघच विसर्जित झाला. सोक पुढे ग्रीसमध्ये व्यावसायिक म्हणून खेळले, निवृत्तीनंतर मायदेशी प्रशिक्षक झाले आणि त्यांचे दोन्ही मुलगे बास्केटबॉलपटू झाले. ज्या झेंड्याखाली सुवर्णपदक मिळाले तो झेंडा खेळाडूच्या आधी निवृत्त झाला, असे हे उदाहरण आहे. वेदान्ताच्या परिभाषेत नाम आणि रूप, म्हणजे वस्तूला दिलेले नाव आणि तिचा आकार, हे दोन्ही नाशिवंत मानले जातात. येथे नाम गेले, काही वर्षांनी तरुण देहाचे रूपही गेले, आणि तरीही चेंडू पुढे नेऊन दुसऱ्याच्या हाती देण्याची विद्या तिसऱ्याच ठिकाणी उगवली. ती कोठे राहिली होती, याचे उत्तर सांख्यदर्शनाकडे मागता येते.

नर्तकी आणि कुंभाराचे चाक

सांख्यदर्शन हे भारतीय षड्दर्शनांपैकी एक असून, त्याच्या मते जगात दोन मूलतत्त्वे आहेत: सर्व हालचाल, बदल आणि कर्म जिच्यात घडते ती प्रकृती, आणि जो केवळ पाहतो तो चैतन्यरूप पुरुष. शरीर, इंद्रिये, मन आणि बुद्धीसुद्धा प्रकृतीकडेच पडतात. दुःखाचे मूळ हे की पाहणारा स्वतःला करणारा समजतो. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथात याविषयी एक दृष्टान्त आला आहे. रंगमंचावर आपले नृत्य प्रेक्षकांना दाखवून झाले की नर्तकी नृत्यातून मागे फिरते, तशी प्रकृतीही पुरुषाला आपले स्वरूप दाखवून झाले की मागे फिरते, असा त्याचा आशय आहे. आणि येथेही नर्तकीच्या परत फिरण्याला ‘निवृत्ती’च्याच धातूचे क्रियापद योजले आहे. निवृत्तीची ही कल्पना एका कलावंताच्या रंगमंचावरून जाण्याच्या चित्रातून समजावली गेली, ही गोष्ट खेळाडूच्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे.

कुडाळ परिसरातील वाचकाला हा दृष्टान्त समजण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळापुढे दशावताराचा प्रयोग रात्रभर चालतो. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर आधी गणपती, सरस्वती आणि संकासुर यांचा ‘आडदशावतार’ होतो, मग आख्यान लागते, आणि लिखित संहितेचा आधार न घेता राजपार्ट, स्त्रीपार्ट व खलपार्ट करणारे नट जागच्या जागी संवाद रचीत पौराणिक कथा उभी करतात. उजाडताना दहीकाला होतो, वेष पेटाऱ्यात जातात, आणि रात्रभर इंद्राच्या आसनावर बसलेला माणूस मुकुट उतरवून घरची किंवा पुढच्या गावाची वाट धरतो. मुकुट उतरला म्हणून आपण उणे झालो असे त्याला वाटत नाही, कारण मुकुट चढवतानाही आपण इंद्र नाही हे त्याला ठाऊक असते. आणि हे ठाऊक असूनही, किंबहुना ते ठाऊक असल्यामुळेच, तो इंद्राचा पार्ट जीव ओतून करतो. खेळाडूची अडचण अशी की त्याच्या अंगावर वेष म्हणून काही निराळे नसते. त्याचा वेष त्याची स्वतःची कातडी असते, आणि म्हणून ती भूमिका होती हे त्याला ती संपेपर्यंत कळत नाही.

या दृष्टान्तावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. नट आणि त्याचा वेष वेगळे करता येतात. मल्ल आणि त्याचे शरीर वेगळे करता येत नाहीत. ढाक मारण्याचे ज्ञान खाशाबांच्या कोण्या अलिप्त साक्षी पुरुषात नव्हते, ते त्यांच्या कंबरेत, मांडीत आणि मनगटात होते. ते शरीर गेले तर ज्ञान कोठे राहिले? सांख्याने याचीही सोय केली आहे. ज्ञान झाल्यावरही ज्ञानी माणसाचे शरीर लगेच पडत नाही, कुंभाराने काठी काढून घेतल्यावरही चाक मिळालेल्या वेगाने फिरत राहावे तसे ते पूर्वसंस्कारांच्या जोरावर चालू राहते, असे कारिकाकारांनी सांगितले आहे. संस्कार म्हणजे वारंवार केलेल्या क्रियेने मागे ठेवलेला ठसा. तो क्रियेपेक्षा अधिक काळ टिकतो, आणि तो एका माणसापुरता मर्यादितही राहत नाही. तालमीतला वस्ताद हौद्याच्या काठावर उभा राहून पट्ठ्याला ‘कंबर खाली घे’ एवढेच म्हणतो तेव्हा त्याचे स्वतःचे गुडघे कदाचित वाकत नसतील, पण त्याच्या शरीरात फिरलेल्या चाकाचा वेग दुसऱ्या शरीरात उतरत असतो. खेळाची विद्या देहात राहते हे खरे, पण ती एकाच देहात राहते असे मात्र नाही.

पाच कारणे

तरीही दुःख का उरते? कारण विद्या पुढे गेली तरी ‘ती माझी होती’ हा दावा मागे राहतो. या दाव्याची तपासणी गीतेच्या अठराव्या अध्यायात सांख्यमताचा हवाला देऊन केली आहे. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात असे तेथे म्हटले आहे: अधिष्ठान म्हणजे ज्यात कर्म घडते ते शरीर, कर्ता, निरनिराळी साधने म्हणजे इंद्रिये व उपकरणे, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव, म्हणजे माणसाच्या हातात नसलेले सर्व काही. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी नीट संस्कारलेली नाही, असा निर्वाळा गीतेने दिला आहे.

हेलसिंकीचे पदक या पाच कारणांच्या उजेडात ठेवून पाहता येते. अधिष्ठान होते ते गोळेश्वरच्या मातीत घडलेले शरीर, ज्याच्या घडणीत वडिलांचा, वस्तादांचा आणि घरच्या अन्नाचा वाटा होता. साधनांत हातपाय तर होतेच, पण गावकऱ्यांची वर्गणी होती, गहाण पडलेले घर होते, प्रवासाचे भाडे होते. चेष्टा म्हणजे हालचाली होत्या पहाटे काढलेल्या हजारो जोर-बैठकांच्या आणि पुन्हा पुन्हा घोटलेल्या डावांच्या. दैवही होते: पुरेशी विश्रांती न मिळता पुढच्या कुस्तीला सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले, हा दैवाचाच भाग म्हटला पाहिजे. या चौघांच्या मध्ये कर्ता म्हणून खाशाबा होते, आणि त्यांचा वाटा लहान नव्हता. पण तो पाचातला एक होता. यावरून त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही, उलट ते पदक एका गावाचे आणि एका प्राचार्याच्या विश्वासाचेही होते हे कळल्याने त्याची किंमत वाढते.

पाच कारणांचा हा विचार निवृत्तीच्या प्रश्नाला निर्णायक वळण देतो. खेळाडू मैदान सोडतो तेव्हा अधिष्ठान आणि साधने ही दोन कारणे क्षीण झालेली असतात, म्हणजे प्रकृतीने आपला वाटा मागे घेतलेला असतो. ज्याने सर्व श्रेय एकट्या कर्त्याच्या नावावर मांडले होते त्याला वाटते की कर्ताच मेला. ज्याने पाचही वाटेकरी ओळखले होते त्याला दिसते की एक खेळ पुरा झाला आणि वाटेकरी आपापल्या घरी गेले. दोघांच्या बाबतीत विषयाची निवृत्ती सारखीच घडलेली असते, पण रसाची निवृत्ती दुसऱ्यालाच शक्य होते. आणि येथे रस म्हणजे खेळाविषयीचे प्रेम असे मानण्याचे कारण नाही. मावळायचा असतो तो ‘माझ्याशिवाय नाही’ या भावनेतला रस. खेळावरचे प्रेम तर तो रस मावळल्यावरच निर्मळ होते, कारण मग दुसऱ्याच्या हातून पडलेला उत्तम डावही तितकाच आनंद देतो.

माणगावचा संन्यास

निवृत्ती म्हणजे हातावर हात ठेवून स्वस्थ बसणे, असा जो समज आहे तो दूर करण्यास माणगावच्या टेंबे स्वामींचे चरित्र पुरेसे आहे. १८५४ साली जन्मलेले वासुदेवशास्त्री टेंबे हे वेदाध्यायी गृहस्थ होते. १८८३ साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभे केले, सुमारे सात वर्षे तेथे उपासना चालवली, लोकांची रीघ लागू लागली, आणि मग ते मंदिर आणि गाव सोडून ते पत्नीसह निघाले. १८९१ साली गोदाकाठी गंगाखेड येथे पत्नी अन्नपूर्णाबाई यांचे निधन झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी संन्यास घेतला; उज्जैन येथे नारायणानंद सरस्वतींकडून त्यांना दंड मिळाला. त्यानंतर १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे समाधी घेईपर्यंत ते पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे चातुर्मास, एका ठिकाणी राहत आणि एरवी पायी प्रवास करीत. याच काळात त्यांनी संस्कृत आणि मराठीत विपुल ग्रंथरचना व स्तोत्ररचना केली आणि अनेक साधक घडवले.

या चरित्रातून प्रस्तुत प्रश्नाला दोन गोष्टी मिळतात. पहिली अशी की बाहेरून आलेला आघातही निवृत्तीचे दार होऊ शकतो. पत्नीचे निधन हे स्वामींनी निवडले नव्हते, जसा खेळाडू आपल्या गुडघ्याची दुखापत निवडत नाही. पण स्वतः उभारलेले मंदिर दोन वर्षांपूर्वीच मागे ठेवून निघालेल्या माणसाची आतली तयारी झालेली होती, म्हणून आघात हाच आदेश ठरला. दुसरी अशी की रसाची निवृत्ती झाल्यावर कर्म थांबले नाही, वाढले. जे थांबले ते कर्मावरचे स्वामित्व. ज्ञानानंतर कर्म सोडावे की करीत राहावे, हा शंकराचार्यांच्या संन्यासमार्गात आणि रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त मोठा वादविषय आहे; मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथात टिळकांनी लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाला धरून ठेवण्यासाठी, ज्ञानी माणसाने कर्म करीतच राहिले पाहिजे असे प्रतिपादन केले. टेंबे स्वामी तर दंड धारण केलेले संन्यासी होते, टिळकांचा पक्ष कर्मयोगाचा होता. तरी शेकडो कोस चालून साधकाच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या संन्याशाकडे पाहिले म्हणजे या दोन मार्गांमधील अंतर ग्रंथांत दिसते तेवढे प्रत्यक्षात राहत नाही.

वैराग्य आणि ऋण

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. वैराग्याचा उपदेश माणसाने स्वतःला करावा. दुसऱ्याला, विशेषतः ज्याच्या श्रमाचा आपण उपभोग घेतला त्याला, तो करण्याचा अधिकार कोणालाही नाही. खेळाडूने फळाची आशा धरू नये असे म्हणत समाजाने त्याला विसरावे, हा गीतेचा उघड विपर्यास आहे. फळावर हक्क सांगू नये हा आदेश कर्त्यासाठी आहे. फळ ज्यांच्या ओंजळीत पडले त्यांच्यासाठी परंपरेने दुसरा शब्द ठेवला आहे, तो म्हणजे ऋण. माणूस देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊनच जन्मतो, आणि त्यांपैकी ऋषिऋण हे विद्येचे ऋण असून ते विद्या शिकून व पुढे शिकवून फेडायचे असते. एका मल्लाने देशाला जे पहिले वैयक्तिक पदक दिले त्याचा रीतसर सन्मान त्याच्या हयातीत झाला नाही, ही गोष्ट त्या मल्लाच्या निवृत्तीविषयी काही सांगत नाही. ती समाजाच्या न फेडलेल्या ऋणाविषयी सांगते. निवृत्त खेळाडूला निर्वाहाचे साधन, उपचाराची सोय आणि शिकवण्यासाठी मैदान देणे हे उपकार नव्हेत. कुडाळसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शाळेच्या पटांगणात कबड्डी, खो-खो किंवा बास्केटबॉल शिकवणारा जुना खेळाडू आढळला तर तो ऋषिऋण फेडीत आहे असे समजून त्याच्याशी वागावे, आणि तसा कोणी न आढळला तर ते ऋण गावाकडे थकले आहे असे समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे परत येता येते. सेवानिवृत्ती आणि शास्त्रातली निवृत्ती या एक नव्हेत, पण भाषेने दोहोंना एकच शब्द ठेवला ही तिची चूकही नव्हे. पहिली निवृत्ती काळ घडवतो. दुसरी कर्त्याने घडवायची असते, आणि पहिली घडली म्हणजे दुसरीची हाक आली, असे हा शब्द सुचवतो. खेळाडूचे वैशिष्ट्य हे की ही हाक त्याला इतरांहून पंचवीस-तीस वर्षे आधी ऐकू येते, आणि तिला उत्तर देण्यासाठी लागणारी तयारी त्याला खेळ चालू असतानाच करावी लागते: मुकुट चढवतानाच तो उतरवायचा आहे हे ओळखून, आणि विजयाच्या क्षणीच पाचही वाटेकऱ्यांना नमस्कार करून. आखाड्यात उतरताना मल्ल माती कपाळाला लावतो, ती कृती या अर्थाने पाहिली तर निवृत्तीचा पहिला धडाच आहे.

मग खेळाडूच्या निवृत्तीची कसोटी कोणती? वस्ताद एक डाव राखून ठेवतो, अशी मराठीत जुनी समजूत आहे. पट्ठा कितीही तयार झाला आणि उद्या उलटला तरी गुरूला चीत करू शकणार नाही, एवढ्यासाठी तो एक डाव शिकवायचा राहू दिलेला असतो. तो राखलेला डाव म्हणजेच गीतेने सांगितलेला मागे उरणारा रस होय. शरीर थकले, स्पर्धा संपल्या, मानसन्मान येऊन गेले, तरी तो डाव मुठीत असेतो वस्ताद निवृत्त झालेला नसतो. दुसरीकडे, शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी असेही याच परंपरेने सांगून ठेवले आहे. या दोन वचनांमधील अंतर वस्तादाला स्वतःच कापावे लागते. ते त्याच्यासाठी दुसरे कोणी कापू शकत नाही, वयही नाही आणि आदेशही नाही. ज्या दिवशी हौद्याच्या काठावर उभा असलेला वस्ताद पट्ठ्याला जवळ बोलावून तो शेवटचा डाव त्याच्या हाती देतो, त्या दिवशी निवृत्ती या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात.